तांदळातलं नाव आणि फ्रान्सचे कागद

फ्रान्सला राहायला जायचं ठरल्यावर मी पहिल्यांदा यादी करायला घेतली. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला यादीची भीती वाटत नाही. ब्रिटनमधून घरसामान घेऊन तिकडे जाणाऱ्याला एकेका वस्तूची यादी फ्रेंचमध्ये करून कस्टम्सला द्यावी लागते. सामान विकायचं नाही, रोजच्या वापरातलं आहे, असंही खाली सही करून सांगावं लागतं. मेडनहेडच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून मी पोळपाट लिहिला: 'तीन पायांची गोल लाकडी पाटी, पीठ लाटण्यासाठी.' सोऱ्यापाशी अडले. लेकीला फोन केला.

"आई, पास्ता मशीन लिही ना. कोण बघतंय!"

तसं काही मी लिहिलं नाही. 'पीठ दाबून काढण्याचं पितळी यंत्र' असं लिहिलं. वाचून एखाद्या अधिकाऱ्याला ते हत्यार वाटायला नको, म्हणून पुढे 'खाण्याचे पदार्थ करण्यासाठी' एवढं जोडलं. पुस्तकांची खोकी चौदा झाली. ह्यांचे तीन स्वेटर मी माझ्याच कपड्यांत धरले.

हे जाऊन दीड वर्ष झालं. फ्रान्सला जायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. लेक दक्षिण फ्रान्समधल्या एका लहान गावात शिकवते, जावई तिथलाच. त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, सकाळी बाजारात जायचं, दुपारी वाचत बसायचं, एवढाच बेत होता. हे गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की बेतही गेला. मी कुणाशी वाद घातला नाही. वर्षभर घरात राहिले, ह्यांच्या खुर्चीकडे बघत जेवले, आणि मग व्हिसाचा अर्ज उघडला. बेत चांगला होता. दोघांसाठी चांगला असलेला बेत एकटीसाठी एकदम वाईट होत नाही.

बाकीच्या गोष्टी एकेक करून मार्गी लागत गेल्या. ब्रिटिश पेन्शन घेणाऱ्याला तिकडे औषधोपचार मिळावेत म्हणून एक फॉर्म असतो, तो आला. ड्रायव्हिंग लायसन्स तिथे गेल्यावर बदलून मिळतं, हे कळलं. तूप नेता येत नाही, कारण दुधाचे पदार्थ इथून तिकडे न्यायला बंदी आहे. लेक म्हणाली लोणी तिकडचंच जास्त चांगलं, मग तोही प्रश्न मिटला. दर गुरुवारी मी लायब्ररीच्या वरच्या खोलीत फ्रेंच शिकायला जात होते. वर्गातली सगळ्यांत म्हातारी मी, आणि गृहपाठ पूर्ण करून आणणारीही मी एकटीच.

मग जन्मदाखल्याचं निघालं.

फ्रान्समध्ये बाईला सरकारदरबारी मरेपर्यंत जन्माच्या नावानेच ओळखतात. नवऱ्याचं आडनाव हवं तर वापरावं, पण दवाखान्याच्या कार्डावर, करखात्याच्या पत्रावर जन्मदाखल्यातलं नाव येतं. इथल्या इंग्रज बायकांना त्यात फार अडचण येत नाही. त्यांचं फक्त आडनाव बदललेलं असतं, आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही दिसतात. माझं पहिलं नावही बदललं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, साखर वाटतात, आणि वीसबावीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती त्या दुपारी संपते. माझ्या पिढीत हे घरोघरी होत होतं. मला त्याचा रागही आला नव्हता. ह्यांनी लिहिलेलं नाव होतं ते. ह्यांच्या बोटांखाली तांदूळ कसे सरकत होते हे मला अजून दिसतं.

चूक आम्ही पुढे केली. नाव बदललं की राजपत्रात तशी जाहिरात द्यायची असते. ती द्यायची राहिली. लग्न नोंदवायला गेलो तेव्हा कारकुनाने विचारलं, "आता हेच वापरणार ना?" आम्ही हो म्हटलं, आणि त्याने नवंच लिहिलं. पासपोर्टही त्याच नावाने निघाला. मिरजेहून भावाने जन्मदाखला पाठवला, त्यावरची मुलगी वेगळी होती. पासपोर्टातली बाई वेगळी होती. या दोघी एकच आहेत असं म्हणणारा एकही कागद जगात नव्हता.

तो कागद मिळाला नाही तर तिकडे दवाखान्याचं कार्ड मिळणार नव्हतं, आणि माझ्या वयात त्यावाचून जाण्यात शहाणपण नव्हतं. तो मिळाला तर तिकडे मी पुन्हा जुन्या नावाची होणार होते, ह्यांनी लिहिलेलं नाव इथेच ठेवून. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. खरं सांगायचं तर पहिलीपेक्षा दुसरीपायी मी वकिलाकडे जायचं जास्त दिवस टाळलं.

सॉलिसिटरने मार्ग सांगितला. मला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाने समोर येऊन शपथेवर तसं सांगायचं आणि सही करायची. माझ्या लग्नाला असलेलं आणि या देशात राहणारं माणूस आता एकच उरलं होतं: ह्यांची मोठी बहीण. वय पंचाहत्तर, मुक्काम स्लाऊ, मुलगे दोन, दोघेही लांब. आणि माझ्या जाण्याला उघड विरोध.

मी ट्रेनने स्लाऊला गेले. ताईंनी चहा ठेवला आणि पाठ वळवूनच सुरुवात केली.

"पोचलीस म्हणजे? मला वाटलं, फ्रान्सहूनच फोन करशील."

"ताई, तुमची सही हवी आहे."

"ती कशाला? तिथे सगळ्या बायकांना मादाम म्हणतात. नाव लागतंय कुणाला?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा गाळला, साखर घातली, माझ्या कपात विसरून दोनदा घातली.

"म्हणजे मी सही केली की तू जाणार."

"हो."

"आणि नाही केली तर?"

"तर दुसरा मार्ग शोधीन. वेळ लागेल, पण सापडेल. मला मात्र तुमचीच सही हवी आहे."

"ग्रंथपाल बाई, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," त्या म्हणाल्या. मग कप हातात तसाच धरून, "भाऊ गेला. आता तू चाललीस. मी रविवारी कुणाला फोन करायचा?"

"मलाच. नंबर तोच ठेवणार आहे."

"नंबर काय करायचाय," त्या म्हणाल्या. पण कपाटातून चांगला कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, आणि मी सॉलिसिटरची वेळ घेतली.

आठवड्याने आम्ही दोघी सॉलिसिटरसमोर बसलो. तरुण, नीटनेटकी बाई होती. तिने मजकूर वाचून दाखवला आणि ताईंना विचारलं, "यांचं नाव बदललं, हे तुम्हाला स्वतःला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? नाव मीच ठेवलं," ताई इंग्रजीत म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्यासाठी त्या मराठीत आल्या.

"अगं, असं काय बघतेस? त्याला बदलायचंच नव्हतं. म्हणे, आहे ते छान आहे. आई चिडली, चारचौघांत ताट तयार होतं, आणि हा अंगठी हातात घेऊन घुम्यासारखा बसलेला. मग मीच कानात सांगितलं. मुलगी झाली असती तर तेच ठेवणार होते मी. झाले दोघेही मुलगे. म्हटलं, नाव वाया कशाला घालवायचं."

"हे मला कधी बोलले नाहीत."

"तो काय बोलणार? चाळीस वर्षं 'अगं'वर काढली त्याने. कधी तरी नावाने हाक मारली का तुला?"

नव्हती मारली. मी त्यांना अहो म्हणत होते आणि ते मला अगं म्हणत होते, आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांत तसंच चालायचं, म्हणून त्यात मला काही वेगळं दिसलं नव्हतं. ताईंच्या सांगण्यावरूनही मी त्याचा फार मोठा अर्थ लावणार नाही. सवय ही सवयच असते. पण गेले कित्येक आठवडे छातीवर ठेवलेलं ओझं त्या खुर्चीत बसल्या बसल्या उतरलं. फ्रान्स माझ्याकडून ह्यांचं काहीच काढून घेणार नव्हतं.

सॉलिसिटरने विचारलं, काही अडचण आहे का?

"नाही," ताई म्हणाल्या. "पेन कुठे आहे?"

त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाल्या, "तिथले लोक तुला काय म्हणायचं ते म्हणू देत. दिवाळीचा डबा मात्र मी ठेवलेल्याच नावाने पाठवणार."

"तुपातले लाडू चालणार नाहीत, ताई. दुधाचं काही पाठवायला बंदी आहे."

"मग तेलाच्या चकल्या पाठवीन. मोहन तुपाचं घातलं तर त्यांना काय कळतंय!"

कागदाचं भाषांतर झालं, शिक्के झाले, व्हिसाही आला. सामानाची गाडी यायच्या आदल्या रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती माझ्या नव्या दाराशी उभी होती.

"आई, इथे पत्राच्या पेटीवर नाव लावायला लागतं. घराला नंबर असून चालत नाही. नाव नसलं तर तुझं पत्र परत जाईल."

"मग लाव."

"कुठलं? सरकारचं पत्र जुन्या नावाने येणार. बँकेचं बाबांच्या आडनावाने."

मी तिला माझं जन्माचं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, मग ह्यांचं आडनाव. तिने लिहून घेतलं. तिला ते नाव पहिल्यांदाच लिहायचं होतं, म्हणून तिने दोनदा विचारलं.

"झालं?"

"नाही. खाली आत्याने ठेवलेलं नावही लिही."

"आई, सिरियसली? पेटी इतकीशी आहे. आणि ते नाव तर आता तुला लागणार पण नाही."

"आत्याचा डबा त्या नावाने येणार आहे," मी म्हटलं. "अक्षर बारीक काढ."