चांदीचा गोऱ्हा

देवळीजवळच्या आमच्या गावात देवकाबाईचा ढोरांचा कोठा आमच्या अंगणाला लागूनच होता. तिच्या माहेराहून, कारंजाकडून आणलेली चांदी नावाची पांढरी गवळाऊ गाय तिथं असायची. देवकाबाई स्वतः भाकर खायच्या आधी चांदीपुढं चारा टाकायची. नवरा तानबा हसायचा, पण त्यालाही चांदीकडून एक चांगला गोऱ्हा हवा होता. त्याचा एक बैल म्हातारा झाला होता.

एकोणऐंशी साली पावसाळ्याच्या तोंडी चांदी गाभण राहिली आणि मग पाऊसच गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. नाल्याकाठचं गवत भादव्यातच पिवळं पडलं. बोरी-बाभळींचा पाला शेळ्यांनी आणि माणसांनी ओरबाडून नेला. देवकाबाईनं जुनं कुटार, मळणीतला सुका भुसा, जपून ठेवलं होतं. त्यात मूठभर सरकीची ढेप कालवून ती चांदीला घालायची. गाईचं पोट तिनं एक दिवस रिकामं ठेवलं नाही.

थंडी सरली तशी चांदी दिवेलागणीला कोठ्यात शिरताना खांबाला धडकू लागली. तानबा म्हणाला, वय झालं. देवकाबाई मग संध्याकाळी तिच्या शिंगाला धरून तिला आत आणू लागली.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा चांदी व्यायली. गोऱ्हा झाला, आईसारखाच पांढरा. तानबानं गूळ वाटला. पण गोऱ्हा थानाकडं जाईना. भिंतीला नाक घासत राहिला. देवकाबाईनं त्याच्या डोळ्यांसमोर हात फिरवला, कंदील धरला. डोळे मोठे, काळेभोर, चकचकीत होते. पापणी हलली नाही.

शेजारच्या बायका म्हणाल्या, माघातल्या अमावस्येला ग्रहण होतं आणि गाय उघड्यावर बांधलेली होती. देवकाबाईनं ते मनाला लावून घेतलं.

तानबानं देवळीहून ढोरांच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टरनं गोऱ्ह्याचे डोळे पाहिले, मग चांदीचे पाहिले आणि ती अंधारात धडकते का, म्हणून विचारलं. मग सांगितलं, की ग्रहणाचा काही संबंध नाही. डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातून मिळतं, कुटारात ते नसतं. गाईच्या अंगातला साठा संपला, तेव्हा आधी तिची नजर मंदावली आणि पोटातल्या वासराच्या डोळ्यामागची शीर दबून गेली.

"म्या तिले उपाशी नाई ठेवलं, साहेब," देवकाबाई म्हणाली.

"माहीत आहे, बाई. हिरवं मिळायला हवं होतं."

"कुठून आणू सांगा?"

डॉक्टरनं पेटी उघडली. त्यानं चांदीला इंजेक्शन दिलं. ती सुधारेल म्हणाला. गोऱ्ह्याची दबलेली शीर मात्र आता सुटायची नाही, म्हणाला.

तसंच झालं. पाऊस आला, शेताच्या धुऱ्यावर गवत माजलं आणि चांदी पुन्हा अंधारातून नीट घरी येऊ लागली. गोऱ्ह्यापुढंही देवकाबाई ओलं गवत भाऱ्यांनी टाकायची. तो अंगानं भरला, तुकतुकीत झाला. डोळे तसेच राहिले. तिच्या आवाजामागं तो अंगणभर फिरायचा, बाकी कुणाचं ऐकायचा नाही. दोन वर्षांचा झाल्यावर तानबानं त्याला जुवाला लावून पाहिलं. पाऊल टाकायच्या आधी तो थरथर कापायचा. तेलघाणीवर बैल डोळे बांधूनच फिरतो, म्हणून एका तेल्यानं त्याला मागितलं होतं, पण तेवढ्यात मोटरीवरचं यंत्र आलं आणि त्याची घाणीच बंद पडली.

ब्याऐंशीत पुन्हा चारा कमी पडला. चांदी परत गाभण होती. जेवढा हिरवा पाला हाती लागेल तेवढा तिलाच घालावा लागणार होता. गोऱ्ह्याला गोरक्षणाच्या गोशाळेत सोडायचं ठरलं. देवकाबाईनं नाही म्हटलं नाही.

सकाळी तानबानं आणि आणखी दोघांनी त्याला बैलबंडीत चढवायला घेतलं. तो पाय रोवून मान इकडं तिकडं वळवत होता, तिचा आवाज शोधत होता. ती कोठ्याच्या दारात उभी होती. बोलली असती तर तो दावं तोडून तिच्याकडं आला असता, म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला. बंडी गावाबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी होती.