ताहेराभाभींनी लपवलेला डबा

चटणीच्या लेबलवर लाल अक्षरांत ‘एमएसजी नाही’ आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये ग्लुटामेट. आमचे साहेब म्हणाले, “उघड केस आहे. दिवाळीआधी ती चटणी बंद करून या.”

मी फूड इन्स्पेक्टर. नोकरी सोलापुरात, त्यामुळे निम्मं आयुष्य चटणी हुंगण्यात गेलं. एमएसजी म्हणजे चायनीजच्या गाड्यावर चिमूटभर टाकतात ती पांढरी पावडर, मोनोसोडियम ग्लुटामेट. चव वाढवते. लोक उगाच विषासारखं घाबरतात. बेतानं खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही. परवानगी असेल तिथंच घालायचं आणि घातलं तर लेबलवर सांगायचं, एवढाच नियम.

पण ग्लुटामेट टोमॅटोत मुळातच असतं. ते आतलं की वरून घातलेलं, हे मशीनला कळत नाही. म्हणून जागेवर जाऊन पावडर सापडते का ते बघावं लागतं. साहेबांशी यावरून माझी चांगलीच जुंपली. शेवटी म्हणाले, “मग जा आणि बघा.”

जुळे सोलापुरात ताहेराभाभींच्या घरामागं शेड होती. ती शेंगा-टोमॅटोची चटणी त्या तिथंच बनवायच्या. गच्चीवर मोडनिंबचे टोमॅटो वाळत होते, ते बघून मी निम्मा निश्चिंत झालो. शेड बंद झाली असती तर दिवाळीची ऑर्डर हातची गेली असती, आणि कांडणाऱ्या बायकांचं कामही.

मी डबे उघडत गेलो. तिखट, लसूण, जिरं, मीठ. तेवढ्यात भाभींनी फळीवरचा एक डबा हळूच ओढणीखाली घेतला. माझं डोकंच सणकलं. या बाईसाठी मी साहेबांशी भांडून आलो होतो.

“भाभी, तो डबा द्या.”

आत पांढरी पावडर. बायकांचे हात थांबले. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला डब्याच्या कडेला मुंग्या दिसल्या.

“साखर?”

“पिठीसाखर,” त्या पुटपुटल्या. “टोमॅटो लई आंबट लागतो, साहेब. केस करा, पण कुणाला सांगू नका. सोलापूरची चटणी आन साखर! लोक तोंडात शेण घालतील की.”

हसू दाबत मी सँपल घेतलं. लॅबनंही साखरच सांगितली. शेडमध्ये एमएसजी कुठंच नव्हतं, केस उभी राहिली नाही. पण साखर लेबलवर न लिहिणं ही चूकच. नोटीस देऊन ती लिहायला लावली, आणि टोमॅटोत मुळातच ग्लुटामेट असताना दिशाभूल करणारी ‘एमएसजी नाही’ची बढाई काढायला लावली. भाभींनी अक्षराच्या आकारावरून माझ्याशी भाजीवालीसारखी घासाघीस केली. शेवटी नियमात बसेल इतक्या बारीक अक्षरात ‘साखर’ आली आणि ऑर्डर वेळेत गेली. मला फार बरं वाटलं.

कायद्याला लोक भितात, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना जास्त. आता कुणी डबा लपवला, की मी आधी मुंग्या बघतो.