औंढ्याच्या घरातलं व्हीपीएन

लोणावळ्याच्या बाजारातली आमची भाड्याची खोली मालकाला चिक्कीच्या दुकानासाठी हवी झाली, तेव्हा मी ऑफिस जवळच औंढ्याला घरी आणलं. ऑफिस म्हणजे घरांचे, बंगल्यांचे नकाशे काढणारी आम्ही तिघं. तळेगावचे काका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले. तिसरी पवनानगरची. लग्न झालेली, एका मुलाची आई, पण आमच्यात सगळ्यात लहान म्हणून मी तिला मुलगीच म्हणायचे. आमच्या घरात मागची एकच खोली रिकामी होती. तिच्यात सगळ्या फाइलींचा मोठा संगणक बसला आणि माणसांना जागा उरली नाही. दोघांनी आपापल्या घरून काम करायचं ठरलं.

पहिले काही आठवडे पेन ड्राइव्हवर निभावलं. मुलीचा पेन ड्राइव्ह जीपवाल्याबरोबर यायचा, काका स्वतः घेऊन यायचे. मग एका बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा पाया जुन्या नकाशाप्रमाणे खोदला गेला. नवा नकाशा मुलीने केला होता, पण काकांकडे आधीचा होता आणि साइटवर तोच गेला. खड्डा बुजवून दुसरीकडे खोदावं लागलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, की फाइल एकाच ठिकाणी राहील आणि तिघंही तीच उघडतील.

लोकांचे जमिनीचे कागद बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे ठेवायला माझं मन घेत नव्हतं. म्हणून घरीच व्हीपीएन बसवायचं असं ठरलं. आपल्या घरापर्यंत इंटरनेटवरून एक बंदिस्त वाट करायची, आणि ज्याच्याकडे किल्ली असेल त्यालाच आत सोडायचं. मी वाचत गेले, व्हिडिओ बघत गेले. एक जुना संगणक त्या कामाला लावला. सगळं नीट झालं आणि तरीही बाहेरून काहीच जोडलं जाईना.

मी इंटरनेटवाल्याला बोलावलं.

"ताई, तुमच्या लायनीला सवताचा पत्ता न्हाई," तो म्हणाला. "गावातली लय घरं एकाच पत्त्यामागं हायेत. भायेरनं कुनी आलं तर तुमचं घर त्याला कसं घावनार?"

"मग स्वतःचा मिळेल का?"

"मिळंल की. पन कशाला पायजे? कॅमेरं लावताय?"

मी फाइलींचं सांगितलं. त्याने मान हलवली, पण कॅमेरे त्याला जास्त पटले असते असं दिसलं. पुढच्या आठवड्यात कायमचा पत्ता मिळाला.

काकांचं पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं. त्यांनी फोन करून फोल्डरांची नावं एकामागून एक वाचून दाखवली, जणू मला ती माहीत नव्हती. मुलीचं मात्र अडलं. जोडलंय असं स्क्रीनवर यायचं, पण फाइल उघडायची नाही. दोन दिवस मी माझ्या बाजूचं सगळं उलटसुलट करून पाहिलं. शेवटी फोनवर तिला म्हटलं, "तुझ्या राउटरचे आकडे वाच बरं."

तिने वाचले. ते हुबेहूब माझ्याच घरचे होते. दोन्ही राउटर आपापल्या घरातल्या यंत्रांना एकसारखेच क्रमांक वाटत होते. त्यामुळे तिचा लॅपटॉप माझा संगणक शोधायचा तो पवनानगरला, तिच्याच घरात.

"म्हणजे मी आपली माझ्याच घरात फिरतेय," ती म्हणाली आणि हसली.

मी माझ्या घरचे क्रमांक बदलले. प्रिंटर बंद पडला, सासूबाईंची मालिका एक दिवस बुडाली, ते सगळं पुन्हा जोडलं. पण तिची फाइल उघडली. काम सुरळीत झालं, चुकीचा नकाशा पुन्हा गेला नाही. मला वाटलं, संपलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी ती न कळवता आली. जीपने उतरून चालत आलेली, पाठीवर लॅपटॉप.

"कनेक्शन गेलं का?" मी विचारलं.

"न्हाई ताई, चालू आहे. हितं बसू का जरा?"

ती पडवीत बसली. आमच्याच वायफायवर असल्यामुळे तिला व्हीपीएन लागलं नाही. जेवायच्या वेळेपर्यंत तिने एक पूर्ण मजला काढला. एरवी तिला त्याला तीन दिवस लागत होते, आणि ते माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा दोष तिच्या लाइनला दिला होता.

भाकरी खाताना तिने सांगितलं. आधी ती कामाला जायची तेव्हा घरच्यांनी दुपारपर्यंतचं सगळं तिच्याशिवाय बसवलेलं होतं. आता ती घरी दिसते. म्हणून पाहुण्यांचा चहा, गोठा, मुलाची शाळा, सगळं तिच्याकडे. "घरीच तर हायस, असं म्हनत्यात. भांडत न्हाई कुनी. पर लॅपटॉप उघडला की हाक येतीच."

वाट बसवण्यात मी महिना घातला होता, आणि तिच्या टोकाला काय आहे ते एकदाही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिच्या सासऱ्यांचा फोन आला. आवाज सौम्य होता. "मॅडम, सून म्हनती आटवड्यातनं तीन दिस हापीसला यावं लागनार. समदं घरनं व्हतंय म्हनला व्हता ना तुमी?"

तिने मला आधी काही सांगितलं नव्हतं. खरं तर येण्याची गरज नव्हती, आणि ते मीच त्यांना पूर्वी पटवून दिलं होतं.

"हो आबा, म्हटलं होतं," मी म्हणाले. "पण तिथून काम नीट होत नाही. तिला यावं लागेल."

"मंग सकाळची जीप धरंल ती," ते म्हणाले, आणि पोराला शाळेत कोण सोडणार याचा विचार फोनवरच मोठ्याने करू लागले. स्वतःच सोडायचं त्यांनी ठरवलं.

पडवीत एक टेबल आलं. काका तळेगावहूनच काम करतात आणि त्यांना ते मानवतं. बायकोबरोबर दुपारचं जेवण हे त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं. ती तीन दिवस येते. फार बोलत नाही. कान झाकणारे हेडफोन घालते आणि नकाशा काढत राहते, आणि सासूबाईंनी चहा ठेवला की तो पुष्कळदा तिच्या शेजारी गार होतो.