येलदरीच्या पाण्यावरचे चाचे

आमच्या नाटक मंडळाचे किस्से लय झाले. एक सांगायला घ्यावा तर दुसरा रुसतो. पण टीव्हीच्या पिक्चरचा विषय निघाला की हातातला चहा गार झालेला मला आजही कळत नाही. लहान मुलांसाठीचा, समुद्री चाच्यांच्या खजिन्याचा पिक्चर. आता त्याचं नाव कुणालाच आठवत नाही, मलासुद्धा. पण त्यातले चाचे आम्ही होतो!

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते, त्या वर्षांतली गोष्ट. मुंबईचे एक डायरेक्टर साहेब जीप घेऊन आमच्या जिंतूरकडं आले. समुद्रावर शूटिंग परवडेना, म्हणून येलदरी धरणाचं पाणी हाच समुद्र ठरला. चाच्यांचा कप्तान झाला आमच्या मंडळातला बबन. त्याला एकच पाहिजे होतं, आण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, एकदा तरी त्याला बघावं. ऐन पेरणीत नाटकाच्या तालमीला पळाला म्हणून आण्णा तीन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. काम सांगायचं तर बबनच्या आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, बैल सोड." आणि बबन तिथंच समोर उभा असायचा.

*

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "जहाजावर आहात, लाटांवर डुला."

समुद्र आमच्यात कुणाच्या बापानं बघितलेला? कुणी भजनात डुलतोय, कुणी दारू प्यायल्यागत. साहेब डोक्याला हात लावून बसले.

बबन म्हणाला, "आरं, कापसाच्या भरल्या गाडीवर बसून जिनिंगला जाताव ना, तसं डुला."

सगळे एका तालात डुलायला लागले. शॉट ओके! साहेब मला हळूच विचारतात, "समुद्राकाठची माणसं का हो ही?"

*

मग खजिना खणायचा सीन. पेटी पुरलेली, कॅमेरा तयार, आणि आमच्यातल्याच एका चाच्यानं, किशननं, कुदळ खाली ठेवली.

"गुप्तधन हाय. नारळ फोडल्याबिगर मी हात लावत न्हाई."

"अहो, पेटी सकाळी मीच पुरली!" साहेब म्हणाले.

"पुरली तुमी. जमीन तुमची हाय का?"

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. जीप जिंतूरला गेली, नारळ आला, साहेबांनीच तो स्वतः फोडला. वर किशननं त्यांना दोनदा पाया पडायला लावलं.

*

पेटी निघाल्याची बातमी तासाभरात तलाठ्यांपर्यंत गेली. ते सायकलवर घामाघूम होऊन आले. जमिनीत धन सापडलं की पंचनामा, नियम म्हणजे नियम. पितळेची नाणी आहेत म्हणून आम्ही परोपरीनं सांगितलं.

"खामखा वाद घालू नका. पंच बोलवा."

माळावर दुसरं होतंच कोण? पाचही पंच चाचेच! एका डोळ्यावरची पट्टी वर सरकवून किशननं सही केली.

*

पिक्चर एका रविवारी दुपारी लागला. शाळेच्या ओसरीवर टीव्ही ठेवलेला, समोर सगळा गाव. बबनची आई आण्णांना हाताला धरून घेऊन आली. बबन लाजून मागं भिंतीला टेकून उभा. मी त्याच्या शेजारी.

बबन पडद्यावर आला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. आण्णा पुतळ्यासारखे बसलेले. शेवटी कप्तानाच्या छातीत तलवार घुसली आणि तो धाडकन पाण्यात पडला. वर आलाच नाही.

आण्णा उठले. "खाली बसा, दिसंना झालंय," म्हणून लोक ओरडायला लागले. ते माणसं ओलांडत मागं आले, बबनसमोर थांबले आणि त्याच्या छातीवरून हात फिरवला. वरून खाली, मग पुन्हा वर.

"घरी चल," ते म्हणाले. "कपडे बदल आधी. गारठशील."

बबनचा शर्ट कोरडा होता. तो आण्णांच्या मागं निघाला.