आधी बंड होऊ द्यायचं

सून परत आली तर माझा मुलगा तिच्याशी कसा वागेल, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही.

चिरंजीव पस्तिशीचे. दिवसभर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकतात. कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकून रडकुंडीला आलेलं असलं तरी यांचं उत्तर एकच, "नोंद घेतली आहे." घरी आले की सम्राट. कॉम्प्युटरवरच्या खेळात दोन हजार वर्षांपूर्वीचं साम्राज्य चालवतात. तिथल्या प्रजेसाठी यांनी डोंगरातून पाणी आणलंय. आमच्या बाथरूमचा नळ मात्र तीन महिने गळतोय. सुनेने सांगितलं तर म्हणाले, "नोंद घेतली."

आठव्या महिन्यात ती वाकून बादल्या ओतत होती. शेवटी म्हणाली, "पाळण्यापुरती तरी जागा कर. हे टेबल हलव." स्वारीची मानही हलली नाही. ती माहेरी गेली.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर एक शहर धुमसत होतं.

"आई, गंमत बघ. माणसं फार वाढली की कुरकुर सुरू होते. नवशिके कर कमी करतात, धान्य वाटतात."

"आणि तू काय करतोस, शहाण्या?"

"मी फौज बाहेर काढतो. होऊ दे बंड! मग वेढा घालून शहर परत जिंकायचं, निम्मी माणसं कापायची. उरलेली चकार शब्द काढत नाहीत."

"बायकोला फोन केलास?"

"कशाला? धुमसू दे चार दिवस. येईल आपोआप. मग बघ कशी गप्प राहते."

इतके दिवस मी याला आळस समजत होते. हा तर डावपेच निघाला! हातात पाना धरता येत नाही, आणि म्हणे वेढा. असला दिवटा माझ्याच पोटचा, म्हणून लाजही माझीच.

आज जेवताना म्हणतो, "आई, तूच बोलव तिला. तुझा शब्द मोडणार नाही ती." म्हणजे वेढा मी घालायचा, जिंकणार हे.

बाळाला पाच आठवडे उरलेत. सकाळी फोन करणार आहे. तिला सांगेन, "नळ आणि टेबल दोन्ही होईपर्यंत इकडे पाऊल टाकू नकोस. आणि तुझ्या आईला म्हणावं, माझीही एक गादी घाल, मी निघाले."

सम्राटांनी आपली कपबशी आपण विसळावी.