मुद्दाम बिघडवलेल्या पुड्या

उचगावच्या ज्या कारखान्यात मी बारा वर्षं काम करते आहे, तिथं कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्या भरतात. भरायचं काम पहिल्यापासून मशीनच करतं. भरलेली पुडी सरकत्या पट्ट्यावरून पुढं आली, की ती धड आहे का हे बघायला आम्ही चौघी उभ्या असायचो. तोंड नीट चिकटलंय का, तारीख उमटली आहे का, एवढंच बघायचं. पण मान वर करायची सोय नव्हती. शेजारणीशी बोलायचं तेही पट्ट्याकडं बघत.

आमच्यात सगळ्यात जुनी कोडोलीची मावशी. तिनंच मला हे काम शिकवलं. शिकवताना पाठीत एक-दोन धपाटेही घातले होते.

मालकांची सून आता कारखाना बघते. तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. गेल्या वर्षी एकदा तिनं चौघींना ऑफिसात बोलावलं. "पट्ट्यावर कॅमेरा बसवतोय. पुडी चांगली का खराब, ते कॉम्प्युटर ओळखेल," ती म्हणाली, आणि आमची तोंडं बघून लगेच पुढं म्हणाली, "घरी कुणालाही पाठवणार नाही." ऐकून घेतलं, पण खरं वाटलं नाही.

पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी आली. चांगल्या पुड्यांचे फोटो तिनं एका दिवसात काढले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं येऊन म्हणाली, "काकू, आता मला खराब पुड्या द्या. भरपूर लागतील. खराब पुडी कशी दिसते हे दाखवल्याशिवाय कॉम्प्युटर शिकणार नाही."

आम्ही बाजूला काढलेल्या पुड्यांचं खोकं दाखवलं. त्यात मूठभरच निघाल्या.

"मग करून द्या ना," ती म्हणाली.

मावशी भडकली. "इतकी वर्षं एक खराब गेली तर बोलणी खाल्ली, आन् आता मुद्दाम खराब करू व्हय?"

वहिनी तिथंच उभी होती. तिला हसू आवरेना. "करा मावशी. यावेळी मी बोलणार नाही."

पुडीचं तोंड हातानं दाबून चिकटवायचं एक लहान मशीन आमच्यापुढं ठेवलं. आम्ही तिघी लगेच लागलो कामाला. मावशीच्या हातून मात्र पहिल्या दहाही पुड्या नीटच निघाल्या. हाताला वळणच तसं होतं. अकरावी तिनं डोळे मिटून दाबली आणि वाकडी निघाल्यावर स्वतःच इतकी हसली, की ठसका लागला.

आठवडाभर आम्ही पुड्या बिघडवत होतो. मुलीनं कॉम्प्युटरवर दोष एक, दोष दोन असं लिहून ठेवलं होतं. आमच्याकडं त्यांना कधीचीच नावं होती. वाकडी चिकटलेली ती वाकडतोंडी. चिकटलेल्या जागेत मसाला अडकलेली ती दातात अडकलेली. कमी भरलेली ती उपाशी. मुलीनं आपले आकडे खोडले आणि आमचे शब्द टाकले. ते मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर आले तेव्हा आम्ही चौघींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. आम्ही जे करत होतो त्याला काम म्हणतात हे माहीत होतं. ते ज्ञान आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शेवटी मावशीनं एक पुडी मुलीच्या हातात दिली. दिसायला अगदी चांगली. "ही फुसकी. तुझ्या कॅमेऱ्याला दिसायची न्हाय, पोरी. गालाजवळ धर आन् हलकंच दाब."

मुलीनं दाबली. "वारं लागतंय!"

"मग? लागणारच की."

मुलगी तशीच उठून वहिनीकडं गेली आणि सरळ सांगितलं, "हे कॅमेऱ्यानं होणार नाही. थोड्या थोड्या वेळानं काही पुड्या हातानं तपासायलाच हव्यात." तिला हे झाकता आलं असतं. तिनं झाकलं नाही.

वहिनीनं शब्द पाळला. दोघी ऑनलाइन ऑर्डरची खोकी भरायला गेल्या. गुडघे कुरकुरत होते म्हणून मावशीनं आपणहून काम सोडलं. स्क्रीन आणि तपासणीचं टेबल माझ्याकडं आलं. चौघींच्या जागी आता मी एकटी असते. बाकी तिघींच्या जागी नवी बाई घेतलेली नाही, हे मला दिसतं, आणि काम मागायला कुणी दारात आलं की बरं वाटत नाही. पण माझी मानदुखी थांबली. खिडकीबाहेर चिंचेचं झाड आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

परवा सुट्टीच्या दिवशी कोडोलीला गेले. मावशीनं जेवायला घातलं, शेंगांची पिशवी भरून दिली आणि स्टँडवर सोडायला आली. कधीपासून मनात होतं, म्हणून म्हटलं, "मावशी, तू शिकवलंस म्हणून मी तिथं टिकले. तुझे आभार मानायचे राहिले होते."

"आभार कसलं मानतीस?" ती ओरडली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "बस सुटायली, चढ की आधी!"

मी चढले. गाडी वळेपर्यंत ती तिथंच उभी होती.