काशिनाथचा आवाज

"सिस्टर, पट्टे काढा," डॉक्टर सर म्हणाले, आणि मी कपाटाची किल्ली शोधायचं नाटक सुरू केलं.

किल्ली माझ्या खिशातच होती. पण मला जरा वेळ काढायचा होता.

भिवंडीतल्या एका छोट्या मानसिक रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. पट्टे म्हणजे आमच्या भाषेत रेस्ट्रेन्ट. पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली आणि दुसरा काहीच इलाज उरला नाही, तरच डॉक्टरांच्या ऑर्डरने त्याचे हातपाय मऊ कापडी पट्ट्यांनी कॉटला बांधायचे. मऊ आपण म्हणायचं. बांधून घेणाऱ्याला विचारा!

त्या दुपारी काशिनाथला बांधायचं होतं. मूळचा वज्रेश्वरीकडचा, पण अर्धं आयुष्य नारपोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेलेलं. झोप उडाली होती, आणि कारखान्यातले लोक आपल्या जिवावर उठलेत असा संशय डोक्यात बसला होता. बायको सुमन त्याला गोडीगुलाबीने घेऊन आली. दाखल करून जाताना माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, मागं एका ठिकानी यांना बांधलेला. तवापासून गोली म्हटली का पलतात. परत बांधला ना, तर यांना दवाखान्याची पायरी चढवनं माज्याच्यानं होनार न्हाय."

आणि आता हा बाबा काउंटरसमोर उभा राहून बोंबलत होता. "सुमन कवा येनार? सांगा ना! कवा येनार?"

"चारला येईल," काउंटरवरची पोरगी मान खाली घालूनच म्हणाली. त्याने पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने काउंटरवर थाडकन हात आपटला. वॉर्डबॉय इरफान आणि त्याचा जोडीदार त्याच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"ऐकूनच घेत नाही हा," सर वैतागले. "वर सगळ्या स्टाफवर संशय. सकाळी राउंडला म्हणाला, सगळे तोंड झाकून माझ्याविषयी बोलतात. उद्या कुणाच्या डोक्यात स्टूल घातलं तर?"

सरांचंही काही चुकत नव्हतं. संशय हे या आजाराचं लक्षणच आहे. पण ते "तोंड झाकून" माझ्या डोक्यातून जाईना. मी सरांकडे पाहिलं. मास्क. इरफान, मास्क. काउंटरवरची पोरगी, मास्क. वॉर्डात सर्दीखोकल्याची साथ होती म्हणून सगळ्यांना सक्ती. माझ्या तोंडावरही तोच. अगं बाई! झाकलेलीच की तोंडं!

माझा सख्खा मामा लूमवरचा. घरात पाणी मागतो तेसुद्धा असं, की शेजारी धावत यावेत. कारखान्यात लूमच्या खडखडाटात कानाशी बोललेलंही कळत नाही, तिथे माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. कान हळूहळू जातात, आणि आपण ओरडतोय हे ओरडणाऱ्याच्या गावीही नसतं.

"सर, मला एकदा बोलू द्या त्याच्याशी."

"सिस्टर, त्याने हात उचलला तर?"

"तर पट्टे आहेतच."

इरफानला मी लांब सरकायला सांगितलं. वळसा घालून काशिनाथच्या समोर गेले. त्याचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबले आणि मास्क हनुवटीखाली ओढला. चार बोटं दाखवून सावकाश म्हटलं, "काशिनाथभाऊ, सुमनवहिनी चार वाजता येणार."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "चारला?"

"चारला."

"मंग आदी सांगायचा ना!" तो ओरडूनच म्हणाला, आणि बाकावर जाऊन बसला.

इरफानला हसू फुटलं. मीही त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. देवा, सुटलो! सरांनी आधी आपला मास्क खाली केला आणि मगच ते काशिनाथपाशी गेले.

आता कुणी असं समजू नका की मास्क काढला आणि आजार पळाला. संशय खराच होता, गोळ्या लागल्याच. फक्त त्या त्याने स्वतःच्या हाताने घेतल्या. समोर उभं राहून, तोंड दाखवून, गोळी कशाची ते सांगितलं की गुमान घ्यायचा. कान तपासून घेतले, तर दोन्ही बरेच गेलेले.

घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला सर स्वतः विचारतात, "आमच्याकडे कसं वाटलं?" सगळे म्हणतात, एकदम छान. घरी जायच्या वेळी कोण वाकडं बोलणार? काशिनाथ बोलला. "जेवान बरा. सिस्टर बरी. पन दोन मानसं पाठीमागं उबी केली, ती न्हाय बरी. मी काय बैल हाय?"

अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. सुमनने कपाळावर हात मारला. सरांचा चेहरा पडला, पण त्याच्या समोर येऊन ते मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." तेव्हापासून आमच्याकडे पाठीमागून कुणी पेशंटला गाठत नाही.

पुढच्या महिन्यात गेटवरून हाक आली, "सिस्टर!" नवीन वॉर्डबॉय स्टुलावरून उडालाच.

"बस रे," मी म्हटलं. "काशिनाथचा आवाजच तसा. भांडायला नाही आला. गोळ्या संपल्यात, न्यायला आलाय."

एकटाच आला होता. कुणी धरून आणलं नव्हतं.

पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याच खिशात असते. कुणी मागितली की मी आधी विचारते, "पेशंटला ऐकू येतंय का ते बघितलंत?"